आभारप्रदर्शनाचा सण

आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेची शेवटची ओळ ठरलेली असते: आभारप्रदर्शन. ती वेळ येईपर्यंत निम्मे श्रोते चपला शोधत असतात आणि उरलेले रिक्षा. प्रमुख पाहुण्यांचा एक पाय गाडीत असतो. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेणारे सहचिटणीस शेवटी रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानतात आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतात. अमेरिकेने नेमकी हीच बाब उचलली, तिला सरकारी सुट्टी लावली, टेबलावर वीस पौंडांचा पक्षी ठेवला आणि तिचा राष्ट्रीय सण करून टाकला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग.

न्यू जर्सीत राहून मी हा सण बरीच वर्षं बघतो आहे. कागदपत्रांनिशी सापडणारा असा सण दुसरा नसावा, असं माझं मत होत चाललं आहे. आपल्या सणांचा उगम विचारला की आजी ‘पूर्वापार चालत आलंय’ म्हणते आणि विषय मिटतो. थँक्सगिव्हिंगमधल्या प्रत्येक पूर्वापार गोष्टीला मात्र तारीख आहे, आणि त्या तारखेमागे कुणी संपादक, कुणी दुकानदार, नाहीतर सूप विकणारी एखादी कंपनी उभी आहे.

शाळेतल्या पोरांना अर्थातच हे सांगत नाहीत. बालवाडीतली मुलं नोव्हेंबरात कागदी टोप्या घालून घरी येतात. हाताचा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली की टर्की तयार होते: अंगठा म्हणजे मुंडकं, चार बोटं म्हणजे पिसारा. हे चित्र पुढे महिनाभर फ्रीजवर असतं. त्यासोबत गोष्ट असते ती अशी की इंग्लंडहून यात्रेकरू आले, इथल्या लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं, पीक आलं, सगळे एकत्र जेवले, संपलं.

खऱ्या गोष्टीत जरा जास्त मजकूर आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले, तेही ऐन हिवाळ्यात. त्या पहिल्या थंडीत निम्मे दगावले. उरलेल्यांना मका लावायला, त्याला माशांचं खत घालायला शिकवलं टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. त्याची स्वतःची कथा कागदी टोपीत मावणारी नाही. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवलं आणि विकण्यासाठी स्पेनला नेलं. तिथून सुटून तो लंडनला पोचला, १६१९ मध्ये मायदेशी परतला, तर रोगाच्या साथीत त्याचं अख्खं गाव नाहीसं झालेलं. त्याच ओसाड गावठाणावर पुढच्या वर्षी या मंडळींनी प्लिमथ वसवलं. शाळेच्या नाटकात या माणसाच्या वाट्याला एक वाक्य येतं, तेही मक्याबद्दल.

१६२१ च्या शरदात पीक हाती आलं आणि जेवण झालं. त्याची हकिगत एडवर्ड विन्स्लो नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडमधल्या मित्राला पत्रात कळवली, एका परिच्छेदात. चार माणसं पक्षी मारायला गेली आणि आठवडाभर पुरतील एवढे घेऊन आली. तिथल्या मूळ वाम्पानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट नव्वदेक माणसांसह आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. म्हणजे यजमान पन्नासेक आणि पाहुणे नव्वद. पाहुण्यांनी येताना भाजी आणली म्हणून लाज राहिली, अशातला प्रकार. आणि आता खरी गंमत: तो हिवाळा काढून जिवंत राहिलेल्या प्रौढ बायका होत्या चार. चार बायका, हाताशी काही मुली, दीडशेच्या घरात पानं आणि तीन दिवस. विन्स्लोसाहेबांनी शिकार किती मिळाली ते लिहिलं, कवायत झाली ते लिहिलं. चुलीपाशी कोण होतं आणि भांडी कुणी घासली, याबद्दल अवाक्षर नाही.

पत्रात टर्कीही नाही. ‘पक्षी’ एवढाच उल्लेख आहे. बदकं असतील, हंस असतील, जंगलात होती म्हणून टर्कीही असेल. बटाटे तिथे अजून पोचले नव्हते. भोपळे होते, पण भोपळ्याच्या पायला गव्हाचं पीठ आणि लोणी लागतं, ते नव्हतं. क्रॅनबेरी होत्या, त्यांचा गोड सॉस करण्याइतकी साखर नव्हती. थोडक्यात, त्या दिवशी जे हरिण नक्की शिजलं ते आज कुणाच्या ताटात नसतं, आणि आज जे ताटात असतं त्यातलं जवळपास काहीच त्या दिवशी नव्हतं.

टर्कीच्या बाबतीत तर आपण सिनियर निघतो. मूळ अमेरिका खंडातला हा पक्षी पोर्तुगीजांनी गोव्यात आणला होता. तिथून मुकर्रबखान नावाच्या सरदाराने १६१२ मध्ये तो जहांगीर बादशहाकडे पोचवला, म्हणजे प्लिमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी. सरड्यासारखे रंग बदलणारं त्याचं डोकं आणि मान पाहून बादशहा इतका खूश झाला की त्याने आपल्या आठवणींत त्याचं साग्रसंगीत वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तोच पक्षी पाहून एकाला चित्रकार आठवला आणि दुसऱ्यांना भट्टी. ज्याची त्याची रुची.

बरं, प्लिमथच्या जेवणाला त्या लोकांनी थँक्सगिव्हिंग म्हटलंच नव्हतं. त्यांच्या धर्मात आभाराचा दिवस म्हणजे चर्चमध्ये बसून दिवसभर प्रार्थना. तीन दिवस खाणं, खेळणं आणि बंदुका उडवणं त्यात बसत नाही. पुढे दोनशे वर्षं ते जेवण कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग नावाच्या पाद्रीबुवांनी ते जुनं पत्र छापलं आणि खाली टीप दिली की हेच न्यू इंग्लंडमधलं पहिलं थँक्सगिव्हिंग. तळटिपा कुणी वाचत नाही म्हणतात. इथे एका तळटिपेवर देश जेवतो आहे.

दरम्यान यजमान आणि पाहुणे यांचं काय झालं, हे टिपेत नाही. मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये इंग्रजांशी लढायला उभा राहिला, पुढच्या वर्षी मारला गेला, आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं खांबावर टांगलेलं होतं. १९७० मध्ये ‘मेफ्लॉवर’ला ३५० वर्षं झाली म्हणून राज्याने मेजवानी ठेवली आणि वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणाला बोलावलं. भाषण आधी वाचायला मागितलं. वाचल्यावर संयोजकांचे चेहरे उतरले. ‘हे नको, आम्ही लिहून देतो ते वाचा,’ म्हणाले. जेम्स गेलेच नाहीत. त्याऐवजी त्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या टेकडीवर त्यांनी आणि साथीदारांनी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला, आणि तो आजही दर वर्षी पाळतात. ज्यांचे आभार मानायचे त्यांचंच भाषण पत्रिकेतून काढून टाकायचं, ही युक्ती आपल्या सहचिटणिसांनाही सुचली नव्हती.

सणाची खरी जन्मदात्री आली ती एकोणिसाव्या शतकात. सारा जोसेफा हेल. न्यू हॅम्पशरमधली, पाच मुलांची विधवा आई, जन्मभर काळे कपडे. ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ हिचंच. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या प्रत्येक आईबापाने ते पाहुण्यांसमोर म्हणवून घेतलेलं आहे. बाई ‘गोडीज लेडीज बुक’ या तेव्हाच्या सगळ्यात खपाच्या मासिकाच्या संपादक होत्या. १८२७ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एक प्रकरण दिलं होतं. टेबलाच्या अग्रभागी भाजलेली टर्की, मग बाकीचे पदार्थ, शेवटी भोपळ्याचा पाय. देश आज जो बेत करतो तो यात्रेकरूंचा कमी आणि या कादंबरीतला जास्त.

हा सण सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी करावा म्हणून हेलबाईंनी सतरा वर्षं चिकाटी धरली. मासिकात अग्रलेख, राज्यपालांना पत्रं, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं. अध्यक्ष बदलत राहिले, बाई आणि त्यांची दौत तीच. शेवटी २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकनना लिहिलं. यादवी युद्ध पेटलेलं, गेटिसबर्गला हजारो माणसं नुकतीच पडलेली. देशाला एकत्र बसवणारं काहीतरी हवंच होतं. ३ ऑक्टोबरला फर्मान निघालं. सतरा वर्षांचा अर्ज आणि पाच दिवसांत निकाल! सरकारी कामाचा हा वेग पुढे कुणी पाहिला नाही. संपादकाने मनावर घेतलं तर काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सार्वजनिक गणपती पहिला कुणी बसवला यावर पुण्यात वाद चालू राहील, पण तो गावोगाव नेला ‘केसरी’च्या संपादकांनीच.

सण मिळाला, तारीख मिळाली, की त्यावर दुकानदाराचा डोळा पडणारच. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. रिवाजाप्रमाणे सण शेवटच्या गुरुवारी, म्हणजे ३० तारखेला. थँक्सगिव्हिंगच्या आधी नाताळच्या विक्रीची दवंडी पिटणं तेव्हा असभ्य समजत, त्यामुळे खरेदीला उरले जेमतेम साडेतीन आठवडे. आधीच मंदी. व्यापाऱ्यांनी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टना गळ घातली आणि त्यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला, हे जाहीर केलं ऑगस्टमध्ये. तोवर कॅलेंडरं छापून झालेली, फुटबॉलचे सामने ठरलेले. २३ राज्यं अध्यक्षांच्या बाजूने गेली, २२ जुन्या तारखेला चिकटून बसली, आणि टेक्सास, कोलोरॅडो आणि मिसिसिपी यांनी दोन्ही तारखा मान्य केल्या. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. फरक एवढाच की आपल्याकडे घोळ झाला की उपास वाढतो, त्यांच्याकडे जेवण वाढलं. अटलांटिक सिटीच्या महापौरांनी अध्यक्षांच्या तारखेला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असं नाव ठेवलं. शेवटी २६ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, रूझवेल्टनी महायुद्धाच्या धामधुमीतून वेळ काढून चौथ्या गुरुवारच्या कायद्यावर सही केली. हिटलर थांबू शकत होता, टर्की नाही.

बाकीच्या प्रथाही अशाच. न्यूयॉर्कमधली मेसीजची मिरवणूक हा एका दुकानाचा १९२४ चा उपक्रम. पहिल्या वर्षी फुग्यांऐवजी सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले खरे प्राणी रस्त्याने चालवले होते. डेट्रॉइट लायन्सचा फुटबॉल सामना १९३४ चा. संघ शहरात नवा होता, बघायला कुत्रं फिरकत नव्हतं, आणि मालकाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. आज हा सामना लावल्याशिवाय घरातले पुरुष कोचावर पेंगू शकत नाहीत. पेंगण्याचा दोष टर्कीतल्या कुठल्याशा रसायनावर ढकलतात. वास्तविक ते कोंबडीतही तेवढंच असतं. पण ‘मी चार माणसांचं जेवलो’ असं म्हणण्यापेक्षा रसायन बरं. पानात दिसणारं ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे फरसबी, मशरूमचं डबाबंद सूप आणि वरून तळलेला कांदा, हे डॉर्कस रायली यांनी १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात बसवलं. ते आमच्याच न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचं. माझ्या अमेरिकन शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उकडीचे मोदक एखाद्या बिस्किट कंपनीने शोधले असं म्हणालो.

सगळ्यात वरची प्रथा व्हाइट हाउसची. देशातला सर्वात सामर्थ्यवान माणूस हिरवळीवर उभा राहून, ज्याने काहीही गुन्हा केलेला नाही अशा पक्ष्याला माफी देतो. टर्की उत्पादकांचा महासंघ ट्रूमनच्या काळापासून, १९४७ पासून, अध्यक्षांना पक्षी भेट देतो आहे, अर्थात खाण्यासाठी. माफीचा रीतसर वार्षिक सोहळा थोरल्या बुशसाहेबांपासून, १९८९ पासूनचा. हल्ली दोन पक्षी येतात, आदल्या रात्री वॉशिंग्टनच्या झोकदार हॉटेलात खोली घेऊन राहतात आणि त्यांची बारशी होतात. २०१९ मध्ये ‘ब्रेड’ आणि ‘बटर’, २०२० मध्ये ‘कॉर्न’ आणि ‘कॉब’. जीवदान द्यायचं आणि नाव न्याहारीचं ठेवायचं! अध्यक्ष कूलिज यांना तर १९२६ मध्ये मिसिसिपीहून एकाने मेजवानीसाठी जिवंत रकून पाठवला होता. कूलिज कुटुंबाने तो शिजवला नाही. पाळला, रिबेका नाव ठेवलं आणि पट्टा बांधून फिरवला.

माफी न मिळालेल्या टर्क्या आमच्यासारख्यांच्या घरी येतात. आमच्या मित्रमंडळात हा सण एका मित्राकडे असतो, म्हणजे त्याच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे. गोठवलेली टर्की हा खाद्यपदार्थ नसून बांधकाम साहित्य आहे. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस या हिशोबाने ती वितळते. सोळा पौंडी असेल तर रविवारीच काढायला हवी. बुधवारी रात्री पोटात हात घातला तर आत बर्फ, आणि बर्फात कागदाच्या पुडीत बांधलेली तिचीच मान. अशा वेळी फोन करायला एका टर्की कंपनीने १९८१ पासून हेल्पलाइन चालवलेली आहे. तिथल्या बाई फार शांतपणे बोलतात. पण ‘दही, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला लावून किती वेळ ठेवू?’ या प्रश्नावर त्यांनीही जरा श्वास घेतला, असं वहिनी सांगतात.

गुरुवारी दुपारी ओव्हनमध्ये टर्की, शेगडीवर वरणाची फोडणी, आणि मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागतो. त्याखाली उभं राहून टॉवेल हलवणं हे घरातल्या धाकट्याचं वतन आहे. थर्मामीटर १६५ फॅरनहाइट दाखवेपर्यंत कुणी टर्कीला हात लावायचा नाही, हा सरकारी नियम. तोवर शाकाहारी मंडळींनी अळूवड्या संपवलेल्या असतात.

मग येतो मुख्य विधी. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं. इथे वाढलेली मुलं सराईत असतात: आईबाबा, तब्येत, कुत्रा, नवा फोन, झालं. आमची पिढी ताटाकडे बघत ‘हेच, सगळं, म्हणजे फॅमिली’ असं पुटपुटते. एका वर्षी वहिनींचे सासरे, अण्णा, वाईहून आलेले होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी पतसंस्थेच्या प्रत्येक वार्षिक सभेत आभार मानलेले. ‘कशाबद्दल मानायचे?’ एवढंच त्यांनी विचारलं आणि उभे राहिले. सर्वप्रथम व्हिसा देणारे अधिकारी. मग विमान कंपनी, विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा मुलगा, गुडघ्याचे डॉक्टर, शेजारचे गोरे गृहस्थ ज्यांनी बर्फ उपसायला फावडं दिलं, सूनबाई, नातवंडं, वेळात वेळ काढून आलेले आम्ही सर्व. नाव कुणाचंही चुकलं नाही. ग्रेव्हीवर साय धरली. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्यांच्या शाळेत एवढं कुणी मानत नाही. अण्णा बसले तेव्हा टाळ्या पडल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, “माझं नाव राहिलं.”

“तुझे काय मानायचे?” अण्णा म्हणाले. “तू घरचीच.”

विन्स्लोसाहेबांच्या पत्रापासून चालत आलेली ही एकच प्रथा अशी, जिच्यामागे दुकानदार नाही.

जेवण उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाच्या सेलची चर्चा सुरू होते. ‘जे आहे त्यात समाधान’ हे सांगून झाल्यावर काही तासांत पासष्ट इंची टीव्हीसाठी धावायचं, हे इथे विसंगत समजत नाहीत. ‘ब्लॅक फ्रायडे’ हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी पन्नासच्या दशकात वैतागून पाडलं, रस्त्यावरची वाहनं आणि गर्दी बघून. व्यापाऱ्यांना ते अशुभ वाटलं, त्यांनी ‘बिग फ्रायडे’ करून पाहिलं, चाललं नाही. आता तेच नाव तिथली दुकानं काचेवर रंगवतात, आणि पुण्यात ज्या घरांनी टर्की डोळ्यांनी पाहिलेली नाही त्यांच्याही फोनवर त्याचे मेसेज येतात.

तेव्हा हा सण म्हणजे संपादकाचा बेत, व्यापाऱ्यांची तारीख आणि सूपवाल्यांची भाजी. पण म्हणून तो खोटा आहे, असं मला म्हणवत नाही. बुधवारी इथले विमानतळ आणि हमरस्ते पाहावेत. अर्धा देश आईकडे निघालेला असतो, त्यात असेही असतात ज्यांचं आईशी पटत नाही. त्यांना तळटिपेशी देणंघेणं नसतं. घरी जी गोष्ट दोनदा झाली ती पोरांच्या हिशोबी पूर्वापार होते, एवढ्यावर सण चालतात, आपलेही.

वहिनींकडच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचा पाय कुणालाच आवडला नाही, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी श्रीखंड केलं. त्याच्या पुढच्या वर्षीही केलं. मध्यंतरी त्यांच्या मुलीने शाळेत निबंध लिहिला: आमच्या घरी या सणाला परंपरेनुसार टर्की आणि श्रीखंड असतं. शिक्षिकेने समासात विचारलं, ही परंपरा कितपत जुनी? मुलीने उत्तर दिलं, ‘व्हेरी एन्शंट’. सारा हेलबाईंना सतरा वर्षं लागली. आमच्या वहिनींनी दोन वर्षांत उरकलं, तेही एकाही राष्ट्राध्यक्षाला पत्र न लिहिता.